दुसरा ठोका

कोंढा,
९ नोव्हेंबर २०२४

बाबा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र माफीचं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे माफी कुठं येते का हे बघायला तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागणार नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं तुम्ही उघडत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. मी मनकर्णा मावशीकडे आहे. आईला ठाऊक आहे. तिला रागावू नका. कंपनीनं मला काही दिवस सुटी दिली आहे. मावशीच्या धानाची कापणी चालू आहे, माझे दोन हात तिच्या कामी येतात.

त्या दिवशी तुम्ही सगळ्या गल्लीसमोर म्हणालात, "ज्या कंपनीनं घर चालवलं, तिचाच पंखा बंद करतं? माह्या हातानं बसवलेला पंखा? निघ माह्या घरातून." मी निघाले. पण मी काय केलं आणि का केलं, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाही. गल्लीला विचारलंत, माझ्या पाठच्या भावाला, विनोदला विचारलंत, कारखान्यात जाऊन चंद्रकुमार साहेबांना भेटलात. मला सोडून सगळ्यांना विचारलंत. तर आता न विचारता सांगते.

भुशावर वीज बनवणाऱ्या आपल्या कारखान्याच्या बॉयलरचा सगळा धूर ओढून चिमणीत ढकलणारा तो पंखा, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तो उभा राहिला तेव्हा मी शाळेत होते आणि तुम्ही घरी येऊन आईला हात पसरून त्याचा आकार दाखवला होता. त्याच्या बेअरिंगवर सेन्सर चिकटवून त्याची थरथर मोजणं, हे माझं काम. प्रत्येक दोषाची थरथर वेगळी असते. पात्यांना राख चिकटून चाक एका बाजूला जड झालं, तर एका फेरीत एक ठोका मिळतो. बेअरिंग खराब झालं तर बारीक किरकिर. मोटर आणि पंख्याची जोडणी वाकडी बसली तर एका फेरीत दोन ठोके. आपल्या पंख्याचा हा दुसरा ठोका दिवाळीच्या आधीपासून वाढत होता.

चंद्रकुमार साहेब म्हणाले, जोडणी सरळ करा. केली. श्यामराव काकांनी केली, तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं. तुम्ही त्यांच्या कामात खोट काढणार नाही. तरी दुसरा ठोका गेला नाही, उलट चढला. जोडणी सरळ आहे, बेअरिंग चांगलं आहे, आणि तरी दोन ठोके येतात, म्हणजे चाकाचा दांडा, खुद्द शाफ्ट, एका बाजूनं कमजोर झालाय. त्याला चीर गेली आहे, बाबा. वरून दिसत नाही, कारण ती चाकाच्या बुडाशी आहे.

त्या दुपारी आकडा माझ्या डोळ्यांसमोर चढत होता. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "संध्याकाळी पाहू. आत्ता वीज द्यायची आहे." खाली राख झाडणाऱ्या बाया होत्या. वर बेअरिंगला ग्रीस भरत तुमचा विनोद होता. मी लाल बटन दाबलं. पुन्हा तशी दुपार आली तर पुन्हा दाबीन.

पंखा थांबला की बॉयलर थांबतो आणि बॉयलरमागे टर्बाइन, हे तुम्हाला मी काय सांगणार. कारखाना बंद पडला, ठेकेदाराच्या माणसांची हाजिरी बुडाली आणि गल्लीनं ठरवलं की तेजरामच्या पोरीनं आपल्या पोटावर पाय दिला. त्यांचा राग मला समजतो. तुमचा समजत नव्हता. इथं कापणी करता करता थोडा समजला. तुम्हाला वाटलं, मी तुमच्या हाताला दोष दिला.

नाही दिला. तुम्ही रिटायर झाल्यावर कंपनीवाले झिजलेली पाती बदलायच्या ऐवजी त्यांच्यावर लोखंडाचे तुकडे वेल्ड करत गेले. चाक जड होत गेलं, शाफ्ट तोच राहिला. तुम्ही बसवलेला पंखा आता तो राहिलेलाच नाही.

पुन्हा एकदा जोडणीच सरळ करून त्यांनी तो चालू केलाय. म्हणून एकच मागते. विनोदला पंख्याच्या बाजूला उभं राहू देऊ नका. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकतो.

रुचिता


कोंढा,
२१ नोव्हेंबर २०२४

बाबा,

आई म्हणाली, पत्र तुम्ही दोनदा वाचलं आणि घडी करून खिडकीत ठेवलं. फाडलं नाही, तेवढ्या बळावर हे दुसरं.

मागच्या पत्रात सुटी लिहिलं होतं. सुटी नाही, मला कामावरून निलंबित केलंय. चौकशी होईपर्यंत गेटच्या आत यायचं नाही असं पत्र आहे. तुम्हाला आनंद होऊ नये म्हणून लिहिलं नव्हतं. नंतर वाटलं, आनंद झाला असता असं समजणं हा तुमच्यावर अन्याय आहे. म्हणून आता लिहिलं.

परवा चंद्रकुमार साहेबांनी बोलावलं. ऑफिसात खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नाही, बाबा. थकलेला आहे आणि वरच्यांना घाबरतो. त्यांनी बाहेरून एक तपासणारा आणला होता. त्यानं पंखा अर्ध्या भारावर चालवून रीडिंग घेतलं आणि सगळं ठीक असल्याचा कागद देऊन गेला.

मी म्हटलं, "सर, पूर्ण भारावर का नाही घेतलं?"

"रुचिता, तू हट्ट करते. नवा शाफ्ट बनून यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर काय, कारखान्याला कुलूप लावू?"

"पंखा बंद ठेवा. दुसरा भाड्यानं आणा. नाहीतर हो, कुलूप लावा."

"आणि त्या माणसांना कोण सांगणार, घरी बसा म्हणून? तू?"

"मी सांगते."

ते हसले नाहीत. टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. सेन्सर ढिला बसला होता, त्यामुळे चुकीचं रीडिंग आलं, आणि मी घाईनं पंखा बंद केला, असं त्यात लिहिलेलं. खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीला जागा सोडलेली. "सही कर, उद्यापासून ड्यूटीवर ये," म्हणाले. मी कागद परत सरकवला, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या वडिलांशी बोलणं झालंय. तेजरामनं शब्द दिलाय, पोरगी सही करन म्हणून."

बाबा, घर सोडताना मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं. चहा तसाच टाकून मी बाहेर आले.

मी सही केली नाही. करणार नाही. शब्द तुम्ही दिला आहे, तुम्हीच जाऊन परत घ्या. माझ्या नावानं शब्द द्यायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही, तुम्हालाही नाही.

तुम्ही त्या कंपनीला काय मानता ते मला माहीत आहे. आपल्या मोहल्ल्यातला माणूस तिथं गेला की त्याच्या हाती झाडू यायचा. तुमच्या हाती पहिल्यांदा पाना आला, आणि जुन्या साहेबांचं नाव तुम्ही आजही मान खाली घालून घेता. पण त्यांनी पाना दिला म्हणून तुम्ही फिटर झाला नाहीत. तुम्ही फिटर होतात म्हणून त्यांना तो द्यावा लागला. हे आजवर तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. उपकाराची फेड तुम्हाला करायची असेल तर करा. त्यासाठी माझं रीडिंग खोटं पाडू नका.

गेटवर विनोद भेटला. म्हणाला, "ताई, काहून एवढी अकडून राहिली? कर ना सही. घरी माय रडते."

"तू अजून त्या पंख्यापाशी जातो?"

"ड्यूटीच तिथं हाय माही. कुठं जाऊ?"

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला, गाडीला किक मारली आणि गेला. त्याच्या बाहीवर ग्रीस होतं, ते माझ्या हाताला लागलं.

रुचिता


कोंढा,
४ डिसेंबर २०२४

बाबा,

तुमच्या कानावर सगळं गेलंच असेल. आपल्या लाखनीत गोष्ट हायवेच्या ट्रकपेक्षा जोरात पळते. पण लोकांनी तुम्हाला सांगितलं असेल की तुमची पोरगी गेटसमोर तमाशा करून गेली. काय झालं ते माझ्याकडून वाचा.

आधी मी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. अर्ज घेतला, पोच दिली, येऊ म्हणाले. कधी ते सांगितलं नाही. पंखा काही त्यांची वाट पाहणार नाही. म्हणून सोमवारी सकाळी मावशीला घेऊन एसटीनं लाखनीला आले. मावशी वाटेत म्हणाली, "तुह्या बापाचा हट्ट तुह्यात पुरा उतरला, बाई." मी म्हटलं, "उतरला तर उतरला. त्यांनी तो वापरला, मीही वापरते."

पाळी बदलायच्या वेळी गेटबाहेरच्या रस्त्यावर मी चुन्यानं कारखाना काढला. बॉयलर, पंखा, चिमणी, राखेची शेड. मग पंख्याच्या चाकातून दोन्ही बाजूंना एक जाड रेघ ओढली. जमलेल्या लोकांना म्हटलं, "चाक तुटलं तर तुकडे वाट्टेल तिकडे उडत नाहीत. चाक ज्या रेषेत फिरतं त्याच रेषेत ते बाहेर पडतात. ही ती रेष. राखेची शेड या रेषेत आहे, आणि तुमची डबा खायची जागाही. पंखा बंद करणं माझ्या हातात नाही. या रेषेत न बसणं तुमच्या हातात आहे."

एक जण ओरडला, "मॅडम, आमची हाजिरी कोण देईन? हा चुना?" सगळे हसले. हसणाऱ्यांत विनोदही होता. निदान मला तरी तसं दिसलं. वॉचमननं पाण्याची बादली आणून माझी रेघ पुसायला घेतली. तो पुसत गेला आणि मी पुढं पुन्हा काढत गेले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, मले नोकरी करू दे ना." मी म्हटलं, "करा दादा. मीही माझी करून राहिले."

लोक पांगले. राख झाडणाऱ्या पुष्पाबाई तेवढ्या थांबल्या. तुम्ही ओळखता त्यांना, डोक्याला फडकं बांधून असतात त्या. म्हणाल्या, "बाई, पंख्याचं मले काई समजत नाई. पण आपली नोकरी घालवून तू खोटं कायले बोलशीन?" आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या बाया डबे घेऊन रेषेबाहेर, वजनकाट्याजवळ बसतात. ठेकेदार ओरडला, लांब जाता, वेळ जातो म्हणून. त्या उठून परत गेल्या नाहीत. एवढंच झालंय आतापर्यंत. तुम्हाला ते थोडं वाटेल, मला नाही वाटत. पंधरवड्यात पहिल्यांदा मी मावशीकडे पोटभर जेवले.

आता तुमचं. तुम्हाला अजून वाटतं की मी चुकले, तर ते सिद्ध करा. चाकाच्या बुडाशी लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर आत मुरलेला रंग पावडरीवर उमटतो. ही टेस्ट तुम्ही आयुष्यभर केली आहे. साहेब तुमच्या शब्दाला मानतात म्हणता ना? मग त्यांना म्हणा, मला एकदा पंखा उघडून द्या. तुमच्या हातानं रंग लावा. लाल रेघ आली नाही, तर मी त्या कागदावर सही करीन आणि सगळ्या गल्लीसमोर तुमच्या पाया पडेन.

आणि रेघ आली तर मला तुमच्याकडून काहीच नको. विनोद तेवढा घरी न्या.

रुचिता


कोंढा,
१७ डिसेंबर २०२४

बाबा,

तुम्ही स्वतः तिथं होतात, तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मी नव्हते. विनोदनं फोनवर सांगितलं, मध्ये मध्ये त्याचा आवाज जात होता. त्यानं सांगितलं ते मला एकदा लिहून पाहायचं आहे. चुकलं तर दुरुस्त करा.

तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेलात. चंद्रकुमार साहेबांना म्हणालात, मले एक डाव पंखा उघडून द्या, लाल रंग मारून पाहतो, पोरीचं तोंड बंद होईन. साहेब तुमच्या कानाशी येऊन मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू गेलं, "तेजराम, आता घरी आराम कर. या वयात कशाला मशीनमध्ये हात घालतो? पंखा चांगला आहे."

"चांगला हाय?"

"एकदम चांगला."

मग त्यांच्याच ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची उचललीत आणि डोक्यावर घेऊन निघालात. वॉचमनला वाटलं, म्हातारा बिघडला. अंगण ओलांडून तुम्ही राखेच्या शेडमध्ये गेलात, पंख्याच्या चाकाच्या बरोबर रेषेत ती खुर्ची मांडलीत आणि खिशातल्या रुमालानं पुसलीत. साहेब मागून धावत आले. तुम्ही म्हणालात, "साहेब, मले ऐकू येत नाई, पण दिसते. पंखा चांगला हाय ना? मंग बसा इथं. एक कप चहा होईपर्यंत बसा. मी बी बसतो तुमच्या बाजूले." आणि तुम्ही खरंच राखेचं एक घमेलं पालथं घालून त्यावर बसलात.

विनोद म्हणतो, सगळी पाळी जमा झाली होती. पंखा चालूच होता. साहेब त्या खुर्चीकडे पाहत राहिले. म्हणाले, "हे काय नाटक लावलं?" तुम्हाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि तुम्ही तसं दाखवलं नाही. तुम्ही खुर्चीवर हात थोपटून त्यांना बोलावत होता, घरी पाहुण्याला बोलावतो तसं. मग त्यांनी फोन कानाला लावला आणि बोलत बोलत ऑफिसात निघून गेले. फोन वाजलाच नव्हता, असं विनोद म्हणाला.

खुर्ची रिकामीच राहिली.

मग विनोदनं ग्रीसची बंदूक खाली ठेवली. "मी नाई जात वर," म्हणाला. बाबा, मी त्याला इतके दिवस हेच सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. श्यामराव काका म्हणाले, "मी बी नाई." पुष्पाबाईंनी तुमचा हात धरून तुम्हाला उठवलं आणि सगळ्यांबरोबर वजनकाट्याजवळ नेऊन बसवलं. पंख्याकडे जायला माणूस मिळेना. दिवस मावळायच्या आत साहेबांना तो बंद करावा लागला.

दुसऱ्या दिवशी उघडला. रंग तुम्हीच लावलात, पावडरही तुम्हीच मारलीत. विनोद म्हणाला, "ताई, आधी काईच नव्हतं. मंग हळूहळू उगवली. लाल रेघ. शाफ्टच्या अर्ध्याच्या वर वळसा घालून गेली होती." मग म्हणाला, "मी त्याच्या बाजूले रोज उभा राहत होतो व, ताई."

तुम्ही त्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत, हात पुसलेत आणि घरी गेलात.

तुम्ही माझ्यासाठी गेलात की मला खोटं पाडायला, हे मी विचारणार नाही. आई म्हणते, खोटं पाडायलाच गेले होते. असू दे. मला खोटं पाडायला जाऊनही तुम्ही खऱ्या जागी खुर्ची मांडलीत. त्या रेषेत घमेल्यावर मात्र तुम्ही बसायला नको होतं. चीर एवढी पुढं गेली होती, आणि तुम्ही तिथं बसलात! त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तो वेगळा राग आहे, तुम्ही भेटाल तेव्हा काढीन.

रुचिता


कोंढा,
२४ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पत्र म्हणजे दोन वाक्यं. "शाफ्ट बसला. येजो." मावशीनं पाहिलं आणि म्हणाली, बापानं शाई वाचवली.

कंपनीचंही पत्र आलं आहे. मला परत घेतात म्हणतात. त्याला जोडलेल्या अहवालात लिहिलंय की नेहमीच्या देखभालीत शाफ्टची चीर आढळली आणि व्यवस्थापनानं वेळीच पंखा बंद केला. माझं नाव नाही, तुमचं नाही, पुष्पाबाईंचं तर नाहीच. मी लिहून कळवलं की हे खोटं आहे आणि खोट्याच्या खाली मी नोकरी करणार नाही. नोकरी गेली ती गेली. लाखनीकडच्या दोन राइस मिलवाल्यांनी त्यांची मशीनं तपासायला बोलावलंय. नागपूरची एक मैत्रीण तिचं यंत्र वापरायला देते. माझं चालेल.

पण विनोद सांगतो, नवा शाफ्ट बसला तरी कामगार पंखा चालू करू देत नाहीत. म्हणतात, आधी रुचिताचं रीडिंग. चंद्रकुमार साहेबांचा काल फोन आला. आवाज अगदी मऊ होता. मी अटी सांगितल्या. पूर्ण भारावर मोजणार. अहवाल माझ्या नावानं असणार. जुन्या शाफ्टचं खरं कारणही त्यात असणार, वेल्डिंगसकट. आणि तो मराठीत लिहून गेटच्या फळ्यावर लावायचा, राख झाडणाऱ्या बाईलाही वाचता येईल असा. पहिल्या तीन अटी त्यांनी मानल्या. चौथीला म्हणाले, वरून विचारावं लागेल. मी म्हटलं, "विचारा. तोवर मी कागद चिकटवायला डिंक घेऊन येते."

सोमवारी येते आहे. मोजताना तुम्ही माझ्याजवळ उभे राहा. बेअरिंगच्या आवरणावर तळहात ठेवा. कान गेले तरी हाताला कळतं, आणि मला पडद्यावर जे दिसेल ते मी तुम्हाला बोटानं दाखवीन. रीडिंग चांगलं आलं तर चांगलं म्हणेन. नाही आलं तर सगळ्यांसमोर नाही म्हणेन, मग तुम्ही पुन्हा गल्ली गोळा केलीत तरी चालेल.

तुम्ही "येजो" लिहिलंत. घरी की कारखान्यात, ते लिहिलं नाही. मी दोन्हीकडे येते आहे. आधी कारखान्यात, मग घरी. हे विचारत नाही, कळवते आहे. आईला म्हणावं, तांदूळ जास्तीचा टाक.

तुमची,
रुचिता